खराडे पंचांचे डोळे

“अण्णा, मान हलवायची नाही. आणि डोळा दाबायचा नाही, नुसता झाकायचा,” मी बजावलं. कळलं म्हणून अण्णांनी मान हलवली.

खुर्चीपासून टीव्हीच्या टेबलापर्यंतचं दहा फूट अंतर मी आईच्या शिवणकामाच्या टेपनं मोजून घेतलं होतं. टेबलावर माझा शाळेचा टॅब उभा केलेला आणि अण्णांच्या हातात माझा मोबाईल. टॅबवर फणीसारखं एक चिन्ह यायचं. त्या फणीचे दात कधी उजवीकडे, कधी खाली, आणि दर खेपेला फणी आणखी बारीक. दात जिकडे असतील तिकडे मोबाईलवर बोट फिरवायचं. पोरांचे डोळे घरच्या घरी तपासायला हे ॲप माझ्या वर्गातल्या पालकांना मीच शिकवलं होतं, त्यामुळं डोळ्यांतलं सगळं आपल्याला कळतं असा माझा ठाम समज होता.

अण्णांचं बोट भराभर फिरत होतं. शेवटची फणी मला जवळ उभं राहूनसुद्धा मुंगीएवढी दिसत होती, तीही त्यांनी बरोबर ओळखली. उजवा डोळा झाला, डावा झाला, आणि पडद्यावर हिरवी खूण आली. दोन्ही डोळ्यांची नजर उत्तम.

मी म्हटलं, ह्या वयात असे डोळे म्हणजे चैन आहे, तुमच्याआधी मलाच चष्मा लागणार. अण्णा हसले नाहीत. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाले, “परत लाव.”

माझे वडील बळवंत खराडे. साखर कारखान्यात नोकरी केली ती पोटासाठी, जीव सगळा कबड्डीत. तरुणपणी गावच्या नवजीवन मंडळाकडून खेळले, गुडघा कामातून गेला तसे पंच झाले. सामना संपेपर्यंत आयोजकांचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत, आई घरून थर्मास भरून द्यायची. खराडे पंच आहेत म्हटलं की हरलेला संघही मुकाट्यानं सामान आवरायचा. मी तेव्हा माहेरीच राहत होते, कारण नवरा फौजेत आणि माझी नोकरी गावच्याच शाळेत. आता त्याला बरीच वर्षं झाली, पण त्या आठवड्यातलं अण्णांचं तोंड मला अजून जसंच्या तसं आठवतं.

झालं होतं ते असं. मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना, नवजीवन विरुद्ध रानमळा. शेवटची चढाई, रानमळ्याला एक गुण हवा. चढाईला आली करिश्मा मुल्ला, त्यांची सगळ्यात चपळ पोरगी. तिला नवजीवनच्या पोरींनी धरलं, ती आडवी पडली आणि मध्यरेषेकडं हात ताणत राहिली. अण्णा कडेला उभे होते. त्यांची नजर तिच्या बोटांवर. बोटं रेषेला लागली नाहीत, अण्णांनी शिट्टी वाजवली आणि तिला बाद दिलं. नवजीवन जिंकलं, पोरींनी अण्णांनाही गुलाल लावला.

घोटाळा असा, की जिनं करिश्माचा घोटा धरला होता तिचा स्वतःचा पाय आधीच मैदानाबाहेर पडला होता. बाहेर गेलेलीनं धरलं तर ती पकड पकडच नव्हे, उलट धरणारीच बाद आणि गुण चढाई करणारीला. आणि तो पाय कुठं पडला होता? अण्णांच्या बुटापासून हातभर अंतरावर. कुणीतरी मोबाईलवर काढलेलं चित्रण संध्याकाळच्या आत सगळ्या तालुक्यात फिरलं, त्या पायाभोवती लाल गोल काढून. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते सांगायला मला अजून लाज वाटते. जुन्या मंडळाच्या मिठाला जागले, हे त्यातलं सगळ्यात सभ्य.

दुसऱ्या दिवशी पंच मंडळाचे चिटणीस दिनकर माने घरी आले. माणूस भला, अण्णांवर त्यांचा जीव. त्यांनी तोड काढून आणली होती. वय झालं, नजरेनं दगा दिला, असं दोन ओळींत लिहून द्या, हंगामभर विश्रांती घ्या, लोक विसरतील. डोळ्यांना कोण दोष देतंय, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. अण्णा म्हणाले, “आधी डोळे तपासतो. दोष निघाला तर लिहून देतो. न तपासता खोटं कारण देणार नाही.”

सांगलीला डॉक्टरांकडं जाऊ, असं आई म्हणाली. मीच म्हटलं, कशाला तिथं दिवस घालवायचा, माझ्या टॅबवर होतंय की. मला वाटत होतं, अण्णांना डोळ्यांची धास्ती आहे. ती चार मिनिटांत घालवू आणि मग बघू एकेकाकडं. मी जन्माची तोंडाळ, कुणाला काय सुनवायचं ते मनात तयारच होतं.

तर असा तो फणीचा खेळ सुरू झाला. अण्णा सकाळी उठले की खुर्चीत बसायचे. मी शाळेतून आले की मला म्हणायचे, लाव बघू. कधी दिवा लावून, कधी खिडकी झाकून, कधी खुर्ची आणखी मागं ओढून. निकाल तोच. हिरवी खूण, नजर उत्तम. मला दर वेळी बरं वाटायचं, आणि दर वेळी अण्णांचं तोंड आणखी उतरायचं. जेवण निम्म्यावर आलं. चालताना टेबलाचा कोपरा लागायचा, उंबऱ्याला ठेच लागायची, आई म्हणायची, जिवाला घोर लावून घेतला की माणसाचं असंच होतं. दारावर कुणी हाक मारली तर ते परसात जाऊन उभे राहायचे. सुतक असल्यासारखं घर झालं होतं.

शेवटी माझीच सहनशक्ती संपली. त्या संध्याकाळी अण्णा पुन्हा तळहात डोळ्यावर ठेवून बसले होते. मी टॅब लावला आणि त्यांच्या कानाशी जाऊन हळूच म्हटलं, मागच्या दोन-चार फण्यांना बोट उलटं फिरवा की. निकाल खराब येईल, त्याचा फोटो काढून मानेकाकांना पाठवू, विषय मिटेल. कुणाचं काय जातंय?

अण्णांनी तळहात खाली घेतला. माझ्याकडं नुसतं बघितलं आणि म्हणाले, “एकदा केली तेवढी बस झाली.”

“काय केली?”

“बेइमानी.”

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं थांबलेलं मला ऐकू आलं. अण्णांनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही, मला गणित समजावून सांगावं तसं सांगितलं.

“डोळ्यांत काहीतरी निघावं म्हणून मी रोज देवाला नमस्कार करून ह्या खुर्चीत बसतोय, वैजू. तुला वाटलं मला आंधळेपणाची भीती आहे. मला तर तो हवा होता. पण डोळे चांगले आहेत. तू म्हणतेस, तुझं यंत्र म्हणतंय. मग पाय माझ्यासमोर होता, तो मला दिसला असणारच. दिसला आणि मी सोडला. नवजीवनसाठी सोडला.”

मी म्हटलं, तुम्हाला आठवतंय का तसं, पाय बघितल्याचं?

“नाही आठवत. त्याचीच तर भीती वाटते. मन असली कामं माणसाला कळू न देता करत असेल, तर मी आयुष्यभर काय काय केलं असेल?”

राग कुणावर धरायचा ते मला कळेना. आई बाहेर आली, पिठाचे हात तसेच, आणि म्हणाली की ह्या माणसानं कधी उसनी काडेपेटीसुद्धा बुडवली नाही. अण्णा तिला म्हणाले, आता बुडवली. मग त्यांनी ठरवलेलं सांगून टाकलं. पंच मंडळाला लिहून देणार, पण त्याआधी त्या पोरीच्या घरी जाणार. जिचं नुकसान केलं तिला आधी सांगायला हवं. आई रडली, मी चिडले, उपयोग झाला नाही. रविवारी मी स्कूटी काढली आणि अण्णा माझ्या मागं बसले.

रानमळ्यात करिश्माचं घर शोधावं लागलं नाही. पुढं तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान, मागं दोन खोल्या. वडील गिऱ्हाइकाकडं गेले होते. तिची आई होती आणि ती स्वतः. अण्णांना दारात बघून पोरगी जागच्या जागी थांबली. तिच्या आईनं खुर्ची दिली, पाणी दिलं. अण्णा बसले नाहीत. पांढरी टोपी काढून हातात घेतली आणि उभ्यानं सांगितलं, की त्या दिवशी पाय बाहेर होता, तू बाद नव्हतीस, मी जुन्या मंडळाच्या मायेपोटी चुकीचा निकाल दिला. पोरी, मी शेण खाल्लं. असं म्हणून त्या माणसानं, माझ्या बापानं, विशीतल्या पोरीपुढं हात जोडले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

करिश्मानं त्यांना लगेच माफबिफ केलं नाही. तिचं बरोबरच होतं. जिंकणारा संघ पुढं विभागाला जाणार होता, तिथून पुढची निवड. तिचं सगळं वर्ष त्या एका चढाईत गेलं होतं.

ती म्हणाली, “सर, दुसरा कुणी पंच असता तर मी तिथंच भांडले असते. तुम्ही होतात म्हणून मान खाली घालून बाहेर पडले. जिनं घोटा धरला तिचा पाय बाहेर असल्याचं मला जाणवलं होतं. पण खराडे सरांनी बाद दिलं म्हणजे माझंच चुकलं असेल, असं वाटलं मला.”

त्यावर अण्णा खुर्चीत बसले, आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. तिच्या आईला हे सगळं अवघड झालं असावं. तिनं आतून चहा केला, करिश्माला हाक मारली, आणि करिश्मा नाइलाजानं कपबशी घेऊन आली. अण्णांच्या खुर्चीला लागून डाव्या हाताला उभी राहिली आणि बशी पुढं केली. अण्णांनी हात पुढं केला नाही. ती उभीच. अण्णा समोरच बघतायत. मी कोपऱ्यातून बघत होते आणि मला वाटलं, बाहेरचा चहा न घ्यायची जुनी सवय ह्यांनी इथं कशाला काढली. तिच्या आईचा चेहरा पडला. मुल्लांच्या घरचा चहा नाकारला, याचा अर्थ गावात काय होतो ते मला सांगायला नको.

करिश्माचा आवाज कडक झाला. “आमच्याकडचा चहा चालत नाही का, सर?”

अण्णा दचकले. गर्रकन मान वळवली, कोपर लागून बशी हेलकावली आणि चहा तिच्या ओढणीवर सांडला. “अरे,” ते म्हणाले, “तू कधी आलीस?”

त्या आवाजात काही बनाव नव्हता. करिश्मा ओढणी झटकायची विसरली. ती अण्णांकडं बघत राहिली, मग तिनं कप खाली ठेवला आणि पुन्हा होती तिथंच जाऊन उभी राहिली.

“सर, अम्मीकडं बघा. मान वळवू नका. माझा हात दिसतोय?”

“कुठला हात?”

तिनं हात त्यांच्या कानाजवळून हळूहळू पुढं आणला. बोटं हलवत. गालाच्या पुढं आला, तरी अण्णा नाहीच म्हणाले. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा म्हणाले, आता दिसला. तिनं दुसऱ्या बाजूनं केलं. तिकडंही तसंच, जरा बरं. मग तिनं मला बसवून तेच केलं. मला तिचा हात कानापाशी असतानाच दिसत होता. तिच्या आईलाही.

करिश्मा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली की चढाईला गेल्यावर ती बघते मधल्या पोरीकडं, पण जीव सगळा असतो कोपऱ्यातल्या दोघींवर, आणि त्या दिसतात डोळ्याच्या कडेनं. कड नसेल तर पहिल्या पावलालाच माणूस धरला जातो.

“तुम्ही माझ्या बोटांकडं बघत होतात ना सर? मग तो पाय तुम्हाला दिसलाच नाही. आत्ता मी दिसले नाही तसाच.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. “पण वैजू, यंत्र तर...” एवढंच म्हणाले. यंत्राला मी कधी विचारलंच नव्हतं की तू नेमकं काय बघतंस.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी त्यांना सांगलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी अक्षरं वाचायला लावली, ती अण्णांनी खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. मग डोळ्यांचा दाब मोजला आणि त्यांना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं. मध्ये बघत राहायचं, कडेला कुठंही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी मागं उभी होते. दिवे लागत होते आणि अण्णांचा अंगठा नुसताच बटणावर. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अण्णा, तो बघा, तो वरचा.

काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवून दाखवलं, मधलं सगळं पांढरं आणि कडेनं काळं होत आलेलं. मी टॅबचं सांगितलं तेव्हा त्या मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्या तपासणीत जिथं चिन्ह तिथंच माणूस बघतो, त्यामुळं मधली नजर कळते, आणि ह्यांची ती शाबूत आहे. जातेय ती कडेची, आणि ती जाताना दुखत नाही, कळत नाही. गेलेली परत येत नाही. राहिलेली टिकवायला थेंब घालायचे, रोज, जन्मभर. पंचगिरी बंद.

अण्णांनी एकच विचारलं. माणूस समोर बघतोय, आणि हातभर अंतरावर कडेला पाय पडला, तर?

“तुम्हाला दिसणं कठीणच होतं,” बाई म्हणाल्या.

“दिसलाच नसेल?”

“मला तरी तसंच वाटतं.”

आणि अण्णा हसले. काचबिंदू झालाय म्हणून सांगितल्यावर हसणारा माणूस त्या बाईंनी बघितला नसावा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. माझा हात घट्ट धरून म्हणाले, “ऐकलंस ना? मी सोडला नाही. मला दिसलाच नाही.” बाहेर बाकावर बसलेल्या नर्सलासुद्धा ते सांगणार होते, मी आवरलं. त्या क्षणी माझाही जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू. बापाचे डोळे चालले होते आणि मला पेढे वाटावेसे वाटत होते.

उठता उठता त्यांनी सहज विचारलं, हे सुरू कधी झालं असेल? बाई म्हणाल्या की नेमकं सांगता येत नाही, पण इतकी कड जायला काही वर्षं गेली असणार. चार-पाच तरी. अण्णांनी मान डोलावली, टोपी घातली, आणि आम्ही निघालो.

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसले. मी मोबाईल काढून मानेकाकांना लांबलचक मजकूर लिहायला घेतला. त्या कागदाचा फोटो काढला, लाल गोल काढणाऱ्या सगळ्यांची नावं आठवून ठेवली. मी असं काही खमंग लिहीत होते की माझं मलाच कौतुक वाटत होतं. अण्णांनी मोबाईलवर हात ठेवला.

“इतक्यात पाठवू नको.”

मी म्हटलं, का? आता तर तुमच्यावर काहीच राहिलं नाही.

“चार-पाच वर्षं म्हणाल्या त्या.” ते बाहेर बघत होते. “मग तो एकच पाय नसणार, वैजू.”

मग ते एकेक आठवून सांगायला लागले. माझ्यापेक्षा स्वतःलाच. एका सामन्यात एका पोरीनं रडून सांगितलं होतं की ती बाहेर गेलीच नव्हती. एका गावात हरलेला संघ न जेवता निघून गेला होता. आणि एक डावखुरा पोरगा होता, बाद दिल्यावर काही न बोलता त्यांच्याकडं बघत उभा राहिलेला. त्याला अण्णांनी उद्धट म्हणून ताकिदीचं हिरवं कार्ड दाखवलं होतं. त्यानंतर तो कुठल्याच मैदानावर दिसला नाही.

“त्यानं पाहिलं होतं,” अण्णा म्हणाले. “मी नव्हतं पाहिलं.”

बोरफाट्याला एसटीचा वेग कमी झाला तसे ते उठून उभे राहिले. मी म्हटलं, अण्णा, आपलं गाव अजून पुढं आहे.

“माहीत आहे. तो पोरगा इथला.”

मी कंडक्टरला थांबायला सांगितलं, थेंबांच्या बाटल्यांची पिशवी उचलली, आणि पायरी उतरताना त्यांच्या डाव्या बाजूला झाले.